धाप का लागते?

दिवसभर खुर्चीत काम करणाऱ्याला दोन जिने चढताच धाप लागते. तो म्हणतो, ‘हृदय कमजोर झाले.’ डॉक्टरांना दाखवावेच; पण दोष बिनसरावाच्या पायांचाही असू शकतो.

स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका असतात. त्या पेशींच्या चुलीच! प्राणवायू घेऊन साखर व चरबी जाळायची आणि शक्ती द्यायची, हे त्यांचे काम. ते घडवून आणतात विकरे, म्हणजे एन्झाइम्स. १९६७ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉ. जॉन हॉलोझी यांनी प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना आठवडेच्या आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवले, तेव्हा पायांच्या स्नायूंतील अशी विकरे जवळजवळ दुप्पट झाली. पुढे माणसांतही अशी वाढ दिसली.

हृदयाचे मात्र वेगळे. सरावाने उंदरांचे हृदय थोडे मोठे झाले, पण दर ग्रॅममागे ही विकरे होती तेवढीच राहिली. कारण उघड आहे. हृदयाला सुट्टी नसते. त्याच्या चुली जन्मापासून पेटलेल्याच. विझू लागतात त्या बसून राहिलेल्या पायांच्या.

आणि ही कमाई मुदत ठेव नव्हे. सराव सोडला की काही आठवड्यांत ओसरते. तेव्हा बंधू-भगिनींनो, रोज अर्धा तास चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने. आणि घरातल्या बाईलाही तेवढा वेळ मोकळा करून द्या. तिचे पायही स्नायूंचेच आहेत!