तेवीस वर्षांचा हिशेब : स्क्वाड्रन लीडर देवय्या आणि उशिरा आलेले महावीर चक्र

१/ स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांचे नाव निघाले की समाजमाध्यमांवर एकच वाक्य फिरते : ‘देश ज्याला विसरला तो वीर’. वाक्य भावनेला हात घालते, पण इतिहास म्हणून ते चुकीचे आहे. विसरण्यासाठी आधी माहीत असावे लागते.

२/ देवय्या मूळचे कोडगूचे. जन्म १९३२, हवाई दलात प्रवेश १९५४. १९६५चे युद्ध पेटले तेव्हा प्रशिक्षक असलेल्या देवय्यांची नेमणूक क्रमांक १ स्क्वाड्रनमध्ये झाली.

३/ ७ सप्टेंबर १९६५ची पहाट. आदमपूरहून मिस्टेअर विमाने सरगोध्यावर निघाली. पाकिस्तानी हवाई दलाचा हा सर्वांत महत्त्वाचा तळ. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांचे होते. देवय्या राखीव वैमानिक होते. तरीही ते मोहिमेत सामील झाले.

४/ परतीच्या वाटेवर त्यांना गाठले फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या एफ-१०४ स्टारफायटरने. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाचे. मिस्टेअर सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगालाही न पोहोचणारे. पळून सुटका नव्हती. मात्र स्टारफायटरचे पंख आखूड, त्यामुळे कमी वेगात चपळ वळणे घेणे त्याला जड जाई.

५/ देवय्यांच्या विमानाला मार बसला. तरीही ते वळले, झुंजले आणि त्यांनी स्टारफायटर पाडले. अमजद हुसेन हवाई छत्रीने बचावले. देवय्या परतले नाहीत. ही झुंज त्यांच्या एकाही सहकाऱ्याने पाहिली नव्हती. भारतीय दप्तरी नोंद राहिली ती केवळ ‘बेपत्ता’ अशी.

६/ १९७९ मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचे या हवाई युद्धावरील पुस्तक आले. एका मिस्टेअरने स्टारफायटर पाडल्याचे त्यात, पाकिस्तानी बाजूच्या माहितीवरून, नमूद होते. त्या मोहिमेतून न परतलेला वैमानिक एकच होता. पुढे तनेजांनी हे प्रकरण सरकारपुढे मांडले. १९८८ मध्ये महावीर चक्र जाहीर झाले.

७/ आता हिशेब मांडावा. १९६५ ते १९७९ ही चौदा वर्षे युद्धातील अज्ञानाची. त्यांबद्दल कोणालाही दोष देणे अन्यायाचे ठरेल. १९७९ ते १९८८ ही नऊ वर्षे मात्र वेगळी आहेत. माहिती छापून, बांधून, विक्रीस आलेली होती. ‘विसरला’ हे क्रियापद या दोन कालखंडांतील भेद पुसून टाकते आणि ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांना अलगद मोकळे करते.

८/ शौर्यपदकासाठी पुरावा हवा, घाई नको, असा युक्तिवाद होतो. तो रास्तच आहे. पदकाची प्रतिष्ठा त्या काटेकोरपणातच आहे. परंतु पुरावा मागणाऱ्या व्यवस्थेने तो शोधण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. आपल्या वैमानिकाच्या पराक्रमाचा धागा परदेशी लेखकाच्या पुस्तकातून हाती यावा, याला काटेकोरपणा म्हणता येत नाही.

९/ ही वृत्ती एका प्रकरणापुरती नाही. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९६५च्या युद्धाचा इतिहास १९९२ मध्ये सिद्ध केला. तो अधिकृतपणे वाचकांपर्यंत येण्यास पुढे अनेक वर्षे गेली. युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांत खुली व्हावीत, असे धोरण ठरण्यास २०२१ उजाडले.

१०/ २०२५चा ‘स्काय फोर्स’ हा चित्रपट याच घटनेवर बेतलेला आहे. त्याने नाव घरोघरी पोहोचवले, हे चांगलेच. पण त्यातील पात्रांची नावेही बदललेली आहेत. चित्रपट म्हणजे दस्तऐवज नव्हे.

११/ म्हणून इतिहासप्रेमी तरुणांनी हळहळ पुढे पाठवण्याऐवजी प्रश्न पुढे पाठवावा : १९६५ आणि १९७१ मध्ये ‘बेपत्ता’ नोंदलेल्या इतर वैमानिकांची कागदपत्रे आज कुठे आहेत, आणि ती अभ्यासकांना केव्हा पाहता येतील?