अंदाजपत्रकाचे सोवळे

सरकारचे अंदाजपत्रक हा विद्वानांचा विषय, त्यात कोयतेवाल्याने नाक खुपसू नये, असे सांगणारे शहाणे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांस आमचा सवाल आहे की, काडीपेटीपासून डिझेलपर्यंत कर आम्ही भरावा आणि जमाखर्च मात्र तुम्हीच पाहावा, हे कोणत्या स्मृतीत लिहिले आहे? 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी हाच हिशेब मांडला होता: पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, खर्च वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर. ते हिशेब करू लागले म्हणूनच त्यांची अडचण वाटू लागली!

तेलगावचेच पाहा. गावात साखर कारखान्याचे धुराडे उभे आहे. तरी धारूर तालुक्यातील माणसे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन परमुलखात ऊस तोडावयास जातात. मागे राहतात म्हातारी माणसे. पोरे बैलगाडीत बसून फडावर जातात नि शाळा सुटते. या पोरांसाठी सरकारने 2021 साली संत भगवानबाबांच्या नावे 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना काढली. उत्तम! परंतु घोषणेने पोराच्या ताटात भाकरी पडत नाही. ती कोठे अडते हे समजावयास अंदाजपत्रक वाचणारा लागतो.

हे काम काही वेदपठण नव्हे. एका बाबीपुढे आकडे तीन वेळा येतात: आरंभीचा अंदाज, मग सुधारित अंदाज, आणि दोन वर्षांनी प्रत्यक्ष खर्च. भाषण पहिल्या आकड्यावर होते, टाळ्या त्यावरच पडतात. दुसरा गुपचूप खाली येतो. तिसरा छापून येईपर्यंत मंत्री बदललेला असतो. एखाद्या योजनेपुढे हजार रुपयांची नाममात्र तरतूद दिसली, तर नाव जिवंत ठेवले नि जीव काढला, असे खुशाल समजावे. 31 मार्च उलटला की न खर्चलेली रक्कम बुडते. तत्पूर्वी ती दुसरीकडे वळविण्याची जी वाट आहे तिला पुनर्विनियोजन असे सोज्वळ नाव आहे.

2025 सालची गोष्ट घ्या. लाडक्या बहिणीचे पैसे भागविण्यास सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी व आदिवासी विकासाचे 335 कोटी वळविले. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर कुरकुर केली! बहिणीस दीड हजार मिळाले याचे आम्हांस वाईट नाही. ती आमचीच बहीण आहे. पण एका बहिणीच्या ओवाळणीसाठी दुसऱ्या बहिणीच्या लेकराची वसतिगृहाची थाळी का उचलावी? वसतिगृहांची योजना काढणारे खाते हेच, हे तेलगावकरांनी ध्यानात ठेवावे.

येथे भटशाहीच्या नावाने बोटे मोडून भागावयाचे नाही. शाहू महाराजांनी 1918 साली कुळकर्णी वतन मोडले ते मोडी दप्तराची मगरमिठी सुटावी म्हणून. आज मंत्री आमचे, आमदार आमचे, कारखान्याचे चेअरमनही आमचेच. दप्तर मराठीत छापलेले आहे. तरी ते उघडून बघणारा हजारांत एक निघत नाही, आणि आमच्याच पुढाऱ्यांस ते फार सोयीचे पडले आहे.

1956 पर्यंत आमचा बीड जिल्हा नि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या तेलंगणाने 2017 साली कायदा केला की, अनुसूचित जाती-जमातींचा न खर्चलेला निधी पुढल्या वर्षी त्यांसच परत द्यावा. आंध्र नि कर्नाटक यांनी 2013 सालीच अनुसूचित जाती-जमातींच्या निधीविषयी कायदे केले. महाराष्ट्रात ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. आमदार मते मागावयास येतील तेव्हा त्यांस हे नाव घेऊन विचारावे.

आणि त्यांची वाट तरी का पाहावी? 2005 पासून माहितीचा अधिकार आहे, अर्जाला दहा रुपये पडतात. तेलगावात बी.कॉम. झालेली पोरे-पोरी पारावर बसून आहेत. त्यांनी धारूर तालुक्यातील वसतिगृहांस किती मंजूर झाले, किती आले, किती परत गेले, एवढे तीन आकडे मागवून ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत. फडावर निघण्याआधी वाचावेत, म्हणजे आयाही ऐकतील.