जिवंत असल्याचा दाखला

अंगठाबहाद्दर म्हणजे निरक्षर, अशी बी.कॉम. होईपर्यंत माझी समजूत होती. आता एम.कॉम.वालेही अंगठा लावतात; सही करतो तो मागासलेला!

२०१४ साली 'जीवन प्रमाण' आले. पेन्शनरने यंत्रावर बोट ठेवले, की तो जिवंत. गेल्या नोव्हेंबरात पारनाक्याचे एक आजोबा आमच्या काउंटरवर आले. उभा जन्म कल्याणच्या लोकोशेडमध्ये पाना फिरवण्यात गेलेला. बोटांच्या रेषा केव्हाच झिजलेल्या. यंत्र म्हणाले, जुळत नाही.

"अहो, मी समोर उभा आहे ना?"

"सिस्टीम घेत नाही, आजोबा," आमचा तरुण सहकारी मान वर न करता म्हणाला.

२०२१पासून चेहरा ओळखणारी सोयही निघाली आहे. पण त्यासाठी देवाने आम्हांला डोळे दिलेत की! शिवाय कागदी दाखला काही रद्द झालेला नाही. मी फॉर्म काढला, आजोबांची सही घेतली, साहेबांची घेतली, शिक्का मारला. पाच मिनिटे लागली.

यंत्रावर माझा राग नाही. त्याच्याआड लपणाऱ्या माणसावर आहे. ज्याने बोटे झिजवून आपल्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्याच्याकडेच जिवंतपणाचा पुरावा मागायचा? खरे तर तो दरवर्षी आमच्याकडून घ्यायला हवा!