निबंधातलं पर्यावरण सवयीत कधी येणार?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो,

पाऊस पडला की आपण शाळेत रोपं लावतो, फोटो काढतो. 'पर्यावरणाचे महत्त्व' हा निबंध मुलं छान लिहितात. पण मधल्या सुट्टीनंतर वेफर्सची रिकामी पाकिटं मैदानात पडलेली असतातच! असं का होतं?

माझं मत स्पष्ट आहे. सवय पाठांतराने लागत नाही. ज्याच्याशी ओळख असते, त्याचीच माणूस काळजी घेतो. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना गंगा-यमुना तोंडपाठ असतात. पण संत नामदेवांच्या नर्सीजवळून, हिंगोली शहराला लागून वाहणारी कयाधू पुढे पैनगंगेला मिळते, हे किती मुलांना ठाऊक आहे?

प्राथमिक शाळेत 'आनंददायी शनिवार' आहेच. महिन्यातला एक शनिवार गावातल्या ओढ्यासाठी, नदीसाठी किंवा जुन्या झाडासाठी ठेवा. जागा तीच ठेवा. श्रावणातलं पाणी आणि चैत्रातलं कोरडं पात्र मुलांनी स्वतः बघू द्या, वहीत नोंदवू द्या. मात्र सोबत मोठी माणसं हवीत आणि पुराच्या दिवसांत काठावर जाणं नको.

पालकांनो, राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. तरी आपण आठवडी बाजारात रिकाम्या हाताने जातो. कापडी पिशवी मुलाच्याच हाती द्या. बाटलीत उरलेलं पाणी रोपाला घालायला लावा. मुलं आपलं ऐकत नाहीत, आपल्याकडे बघत असतात.

निबंधाला गुण आपण देतोच. यंदा सवयीलाही शाबासकी देऊया!