वजाबाकीची विद्या

घरातील मोठे यंत्र हातात मावेल एवढे करणे म्हणजे त्याचे आकारमान घटवणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. भिंतीवरच्या घड्याळाचे मनगटी घड्याळ झाले, टेबलावरच्या रेडिओचा खिशातला ट्रान्झिस्टर झाला. मग अन्य यंत्रांचेही तसेच होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मनगटावर येताना घड्याळाला लंबक सोडावा लागला आणि खिशात शिरताना रेडिओला काचेच्या नळ्या टाकाव्या लागल्या, याचा विसर पडतो. लहान होण्याची प्रत्येक कथा ही काहीतरी सोडून देण्याची कथा असते. काय सोडावे हे ज्याला कळले त्याचे यंत्र लोकांच्या हाती राहिले. ज्याला काहीच सोडवेना त्याचे मागे पडले.

हा न्याय स्वच्छपणे पाहावयाचा असेल तर व्हिडिओ गेमच्या इतिहासाकडे पाहावे. विषय पोरखेळाचा म्हणून कोणी नाक मुरडील. पण त्यातील प्रश्न पोरखेळाचा नाही.

सेगा या जपानी कंपनीने १९८८ साली 'मेगा ड्राइव्ह' हे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे यंत्र जपानात आणले. अमेरिकेत ते पुढच्या वर्षी 'जेनेसिस' या नावाने आले आणि अतिशय लोकप्रिय झाले. १९९५ मध्ये कंपनीने त्याचीच हातात धरून खेळण्याची आवृत्ती 'नोमॅड' या नावाने उत्तर अमेरिकेत विक्रीस काढली. घरच्या यंत्राच्या कार्ट्रिज, म्हणजे ज्यांना आपल्याकडची मुले 'कॅसेट' म्हणत, त्या तिच्यात जशाच्या तशा चालत. पडदा रंगीत होता, त्याला मागून प्रकाश होता. कागदावर पाहता बोट ठेवावयास जागा नव्हती. मात्र सहा पेन्सिल सेल दोन-तीन तासांत संपत. हे सेल ठेवण्यास यंत्राच्या पोटात जागाही उरली नव्हती. ते वेगळ्या पेटीत घालून पाठीवर चढवावे लागत. किंमत १८० डॉलर. घरातले यंत्र हातात आले खरे. पण त्याची भूकही घरातल्या यंत्राचीच राहिली.

याच्या अगदी उलट वाट निन्टेन्डो कंपनीने सहा वर्षे आधी धरली होती. १९८३ पासून खपत असलेले 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र तिच्याजवळ होते. तेच आवळून लहान करण्याचा मोह तिने टाळला. १९८९ मध्ये तिने आणलेला 'गेम बॉय' दिसायला गरीबच होता. पडद्यावर रंग नव्हते, एकाच हिरवट रंगाच्या चार छटा होत्या. मागून प्रकाश नसल्याने दिव्याखाली किंवा खिडकीशी बसून खेळावे लागे. पण चार पेन्सिल सेल दहा तासांहून अधिक चालत आणि अमेरिकेत किंमत सुमारे ९० डॉलर होती. त्याच वर्षी अटारीने रंगीत पडद्याचे 'लिंक्स' आणले, पुढच्या वर्षी सेगाने रंगीत 'गेम गिअर' आणले. दोन्हींना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय आणि पुढे निघालेली त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग विकले गेले. प्रतिस्पर्धी या आकड्याच्या जवळपासही पोहोचले नाहीत.

हा सगळा प्रताप सेलचाच, असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. गेम बॉयबरोबर पाश्चात्त्य देशांत 'टेट्रिस' हा खेळ दिला जाई आणि लहानथोर सर्वांना त्याचे वेड लागले. नोमॅड आले तेव्हा जेनेसिसचा बहरही ओसरत आला होता, त्याचा उत्तराधिकारी बाजारात उतरला होता. तथापि, टेट्रिसलाही रंगांची गरज नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. पडद्याची मर्यादा ओळखून खेळ निवडणे हाही रचनेचाच भाग होता.

गेम बॉयमागे गुनपेई योकोई या अभियंत्याची दृष्टी होती. निन्टेन्डो पत्त्यांचे डाव बनवत असताना, १९६५ साली, ते तेथे यंत्रांची देखभाल करण्यास लागले. नवीनतम तंत्राच्या मागे न धावता, स्वस्त झालेले, गुणदोष पुरते उमगलेले, मुरलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा वेगळ्या अंगाने उपयोग करावा, हे त्यांचे सूत्र होते. अवजड सामग्री घेऊन शानदार यंत्र बनवणे त्या मानाने सोपे असते. हाताशी आलेली शोभा नाकारण्यास अधिक धैर्य लागते.

कंपन्यांच्या बाहेरही हा प्रयोग झाला आहे. अटारीचे १९७७ चे घरगुती यंत्र, जे पुढे '२६००' या क्रमांकाने ओळखले गेले, ते बेन हेकेन्डॉर्न या अमेरिकन हौशी तंत्रज्ञाने २००० साली कापूनछाटून हातात धरता येईल असे केले. असे काम हाती घेणाऱ्यापुढे एकामागून एक प्रश्न उभे राहतात. या यंत्राला बाहेरून ९ व्होल्टांचा पुरवठा होई आणि आत तो ५ व्होल्टांवर उतरवला जाई. मधले ४ व्होल्ट उष्णता होऊन जात. भिंतीतून वीज येत असताना या नासाडीची कोणी फिकीर केली नाही. सेलवर चालवताना मात्र जवळजवळ निम्मी शक्ती तळहात तापवण्यात जाते, म्हणून तो भाग बदलणे आले. दूरचित्रवाणीच्या वाहिनीवर चित्र पाठवणारा भाग आता निरुपयोगी, म्हणून तो काढणे आले. शिवाय या यंत्राबरोबर मिळणारा 'कॉम्बॅट' हा खेळ दोघांनी दोन दांड्या धरूनच खेळावयाचा असे. हातातल्या यंत्रात दुसऱ्याची दांडी कोठे बसवावी? जोड ठेवला तर यंत्र वाढते. काढला तर मूळ यंत्राबरोबर आलेला पहिला खेळच मुकतो. याचे उत्तर कोणत्याही सूत्रात सापडत नाही. यंत्राचा आत्मा कोणता आणि सवय कोणती, हे आधी ठरवावे लागते.

आता चिपा स्वस्त आणि काटकसरी झाल्या आहेत, तेव्हा ही वजाबाकी कालबाह्य झाली, असा आक्षेप येईल. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली आज तयार बोर्डावर चढवता येते, हे खरे. परंतु २०१७ चे निन्टेन्डोचे 'स्विच', जे घरी पडद्याला जोडता येते आणि हातातही धरता येते, तेसुद्धा हातात आले की आपला वेग आणि चित्राची सूक्ष्मता कमी करते. सामर्थ्य वाढले तशी हावही वाढली. सेल अजून मोजूनच शक्ती देतो.

महाराष्ट्राशी या गोष्टीचा संबंध येथे येतो. तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये येथे उदंड आहेत. अखेरच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणून सादर करता येतो, ही गोष्ट शिक्षकांपासूनही लपलेली नाही. विद्यार्थ्याला प्रत्येक विषयात भर घालण्यास शिकवले जाते: आणखी एक संवेदक, आणखी एक पडदा, आणखी एक सुविधा. काय काढले आणि का काढले, असे त्याला कोणी विचारत नाही. गुण भरीला मिळतात, वजाबाकीला नाही. बंद खोके उघडून पाहण्याची त्याची भीडही त्यामुळे चेपत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयासाठी संकेतस्थळ सुरू केले. पण उघडण्याचे धैर्य आणि समज नसेल तर असा हक्क कागदावरच राहणार.

१९९० च्या दशकात येथील असंख्य घरांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला 'टीव्ही गेम' म्हणून आल्या. त्यांतील कित्येक अजून माळ्यावर धूळ खात असतील. असे एक खोके चार विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि सांगावे: हे हातात धरून पाच तास चालले पाहिजे. खर्चाला मर्यादा घालावी आणि परीक्षा घेताना एकच प्रश्न विचारावा: काय सोडलेत, आणि का? ओहमचा नियम, उष्णता, दृष्टी, बोटांची ठेवण आणि पैशाचा हिशेब, ही सारी एका खोक्यात भेटतील. प्रयोगशाळेला नवी सामग्री लागणार नाही. लागेल तो उलट प्रश्न विचारणारा शिक्षक.

ज्या देशात वीज, पैसा आणि जागा यांची ओढाताण बहुतेकांच्या रोजच्या अनुभवाची आहे, तेथील अभियंत्याला ही विद्या परकी वाटू नये. ओढाताणीतून उत्तम वस्तू निर्माण होते, हे चार सेलांच्या एका हिरवट खेळण्याने सिद्ध केले आहे. अभ्यासक्रमाने तेवढी दखल घ्यावी.