गुडघ्याचं लिगामेंट आणि कॉम्प्युटर नेव्हिगेशन : जादा पैसे मोजावेत का?

परवा एक गृहस्थ मुलाची फाइल घेऊन आले. बावीस वर्षांचा मुलगा, कबड्डी खेळताना गुडघा मुरगळला, एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटल्याचं दिसलं. ऑपरेशनचं ठरलं होतं. प्रश्न वेगळाच होता. "डॉक्टर, कॉम्प्युटरने केलं तर खर्च वाढतो. हिच्या बांगड्या मोडू का?"

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. पण अशा फायली माझ्या टेबलावर येतातच, म्हणून माझं मत सांगतो.

एसीएल हा मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधणारा दोर. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं हे त्याचं मुख्य काम. तो तुटला की रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध घेऊन नवा दोर बसवतात. त्यासाठी दुर्बिणीतून पाहत दोन्ही हाडांत बोगदे पाडतात. बोगदा काही मिलिमीटर चुकला, तर दोर जास्त ताणतो किंवा सैल राहतो आणि पुढे निकामी होऊ शकतो.

इथे नेव्हिगेशन येतं. हाडांवर पिनांनी मार्कर बसवतात, इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपतो आणि बोगद्याची जागा, कोन पडद्यावर दिसतो. ड्रिल मात्र सर्जनच्याच हातात असतं. कॉम्प्युटर वाट दाखवतो, ऑपरेशन करत नाही.

कल्पना चांगली आहे. पण पडद्यावरची अचूकता रुग्णाच्या चालण्यात उतरते का? कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासून २०१४ साली आढावा दिला. गुडघ्याच्या कार्यक्षमतेत म्हणावा असा फरक आढळला नाही. ऑपरेशनला वेळ मात्र जास्त लागला. अनुभवी सर्जन दुर्बिणीतूनही योग्य जागा शोधतो, हे त्याचं एक कारण असावं. दुसऱ्यांदा करायच्या अवघड ऑपरेशनमध्ये सर्जनला हे तंत्र हवंसं वाटू शकतं. तेव्हा कारण विचारा आणि ऐका.

त्याआधी आणखी एक विचारा : ऑपरेशन आत्ताच हवं का? स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. 'आधी व्यायाम, गरज पडली तर ऑपरेशन' या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलं नाही, आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच राहिले. गुडघा वारंवार निसटत असेल किंवा मैदानावर परतायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

सर्जनला हे जरूर विचारा :

• वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता?
• गादीलाही (मेनिस्कस) इजा आहे का?
• फिजिओथेरपी कोण, किती महिने देणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवा दोर हाडात रुजायला आणि मांडीचे स्नायू भरून यायला वेळ लागतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो. आपल्याकडे टाके निघाले, दुखणं थांबलं की व्यायाम बंद होतो. उत्तम ऑपरेशन तिथे वाया जातं.

त्या गृहस्थांना मी म्हटलं, "बांगड्या राहू द्या. अनुभवी सर्जन बघा, आणि फिजिओथेरपीचे पैसे आधी बाजूला काढा." तुम्हालाही माझा हाच सल्ला आहे.