मठ्ठ कोण? पोर की हिशेब?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, परीक्षांचे निकाल लागले की दोन शाळांची तुलना करण्याची शहाण्या लोकांस मोठी हौस असते. अमुक वस्तीची पोरे हुशार, तमुक वस्तीची मठ्ठ, असा निवाडा देऊन ते मोकळे होतात. अशा पंडितांनी अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या सॅन अँटोनिओ शहराचा हिशेब डोळे उघडून वाचावा.

तेथील एजवूड ही कष्टकऱ्यांची वस्ती. शाळेत शंभरांत सुमारे नव्वद मुले मेक्सिकन वंशाची. अलामो हाइट्स हे गोऱ्या धनिकांचे उपनगर. तेथे अशी मुले शंभरांत अवघी अठरा. शाळा दोन्हीकडे सार्वजनिकच. पण त्यांच्या खर्चाचा मोठा भाग ज्या त्या वस्तीच्या घरजमिनीवरील करातून निघे. १९६७-६८ साली शंभर डॉलरांच्या मिळकतीवर एजवूडचा गरीब १ डॉलर ५ सेंट कर भरी, अलामो हाइट्सचा धनिक ८५ सेंट. जादा दर गरिबास! आणि पदरात काय पडले? एजवूडच्या दर मुलामागे २६ डॉलर, अलामो हाइट्सच्या मुलामागे ३३३! सरकारी मदत धरूनही ३५६ विरुद्ध ५९४. एजवूडचे शंभरांत ४७ शिक्षक तात्पुरत्या परवान्यावरचे, तिकडे ११. बी पेरायचे एकाच्या शेतात आणि पीक मोजायचे दोघांचे, हा कोठला न्याय?

डेमेट्रिओ रॉड्रिग्ज या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने इतर पालकांसह दाद मागितली. गुलामांस मुक्त केले म्हणून ज्या देशाच्या सदाचारी लोकांस जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बरोबर शंभर वर्षांनी, २१ मार्च १९७३ रोजी, पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे! ज्यांचे पूर्वज गुलाम होते, त्या न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी कडाडून विरोध नोंदविला. पुढे १९८९ साली टेक्ससच्याच सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत त्या राज्याच्या घटनेविरुद्ध ठरविली. पण तोवर एजवूडची ती पोरे बापे झाली होती! त्यांचे गेलेले इयत्तांचे दिवस कोण भरून देणार?

म्हणून कोणी निकालाचा कागद नाचवीत तुमच्या लेकरांस मठ्ठ म्हणेल, तर मान खाली घालू नका. त्यास रोखठोक विचारा : दर मुलामागे खर्च किती? शिक्षक कायमचे किती? कर कोणी भरला आणि शाळा कोणाची सजली? या हिशेबावाचून केलेली तुलना ही तुलना नव्हे, निव्वळ लबाडी होय!